चीक आधी की जार आधी, आणि पोटातल्या वासराला प्रतिकारशक्ती असते का?

वाचक ताईंचं पत्र, थोडं छोटं करून:

"डॉक्टर नमस्कार, आम्ही संगमनेर तालुक्यातले. घरी ९ एचएफ संकरित गायी आहेत, धारा आणि वैरणपाणी मी आणि सासूबाई बघतो. गेल्या वर्षात ३ वासरं गेली, तिन्ही दहा-बारा दिवसांची असताना. पिवळी पातळ हगवण लागली, डोळे खोल गेले आणि दोन दिवसांत संपली. आमच्याकडे जार पडल्याशिवाय चीक पाजत नाहीत, सासूबाई म्हणतात आधी पाजला तर जार अडकतो. जार पडायला कधी सहा कधी आठ तास लागतात, मग लिटरभर चीक पाजतो, बाकीचा खरवसाला जातो. परवा एका मीटिंगमध्ये सांगितलं की वासरू जन्मतं तेव्हा त्याच्यात प्रतिकारशक्ती शून्य असते. मग नऊ महिने पोटात तयार काय होतं? एकजण शेवटच्या महिन्यात गाभण गायीला द्यायची पावडर विकतोय, म्हणतो वासरू इम्युनिटी घेऊनच जन्मेल, ती घेऊ का? आणि गेल्या महिन्यात एका गायीला जुळं झालं, एक गोऱ्हा एक कालवड, दोन्ही चांगली आहेत. ही कालवड ठेवावी का?"

ताई, नमस्कार.

वर्षात तीन वासरं जाणं म्हणजे काय ते गोठ्यात राबणाऱ्यालाच कळतं, वाचून वाईट वाटलं. पण तुमचा तो मधला प्रश्न, "मग नऊ महिने पोटात तयार काय होतं", हा फार चांगला प्रश्न आहे आणि खरं सांगायचं तर बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्याच्यातच आहेत, म्हणून आधी तिथूनच सुरू करतो, थोडं लांबेल पण वाचा.

शून्य प्रतिकारशक्ती हे वाक्य मीटिंगमध्ये सगळेच बोलतात, मला ते पटत नाही. म्हणजे त्यांचा हेतू चांगलाच असतो, लोकांनी चीक वेळेवर पाजावा म्हणून बोलतात, पण त्यामुळे असं वाटायला लागतं की पोटातलं वासरू म्हणजे मातीचा गोळा आणि जे काही करायचं ते व्यायल्यावरच. तसं नाहीये. गाय साधारण २८० दिवस गाभण राहते ना, त्यातल्या ४० व्या दिवसाच्या आसपासच वासराच्या मानेत आणि छातीच्या पुढच्या भागात थायमस नावाची ग्रंथी दिसायला लागते, तेव्हा अख्खा गर्भ बोटाच्या एका पेराएवढाच असतो. ४५ व्या दिवसापर्यंत रक्तात लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सापडतात. ५५ व्या दिवसाच्या सुमाराला प्लीहा आणि हाडातला मगज, ६० व्या दिवसाच्या आसपास लसिकाग्रंथी. अँटीबॉडी, म्हणजे जंतूंना चिकटून त्यांना निकामी करणारे रक्तातले कण, बनवणाऱ्या ज्या बी पेशी असतात त्यातल्या पहिल्या ५९ व्या दिवशी दिसल्याची नोंद आहे. आता हे तुमच्या हिशोबात बसवून बघा, डॉक्टर दोन-अडीच महिन्यांनी हात घालून गाय गाभण आहे का तपासतात, तेव्हा आतलं वासरू उंदराएवढं असतं आणि त्या उंदराएवढ्या जिवात लढणाऱ्या पेशी ऑलरेडी फिरत असतात!

नुसत्या फिरत नाहीत, कामही करतात. रोटाव्हायरस, म्हणजे तोच जो वासरांना हगवण लावतो, तो गर्भात गेला तर ७३ व्या दिवशीच गर्भाने त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवल्याचं आढळलंय. मेंढ्यांवर तर याचा खूपच अभ्यास झालाय कारण मेंढीचा गर्भ हाताळायला सोपा पडतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत आर्थर सिल्व्हरस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटातल्या कोकरांवर प्रयोग केले, मेंढी दीडशे दिवसांची गाभण असते त्यात ४० दिवसांच्या आसपासचं कोकरू एका विषाणूला उत्तर देतं, आणि ७७ व्या दिवसानंतर दुसऱ्या मेंढीची कातडी लावली तर ती परकी म्हणून टाकून देतं, मोठ्या मेंढीसारखीच. म्हणजे साधारण अर्धा काळ पोटात काढेपर्यंत परकं कोण हे ओळखायला शिकलेलं असतं.

एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी आहे की हे सगळं एकदम होत नाही. काही रोगांना गर्भ लवकर उत्तर देतो, काहींना शेवटच्या महिन्यांत, आणि काहींना जन्मल्यावरच. आतड्याच्या भिंतीत जे पेशींचे पट्टे असतात, पायर्स पॅच म्हणतात त्यांना, ते वासरात १७५ व्या दिवसाच्या सुमाराला येतात, म्हणजे सहावा महिना लागतो. लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या तुकड्यातला पट्टा कोकरात दोन मीटरपर्यंत लांब भरतो. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला रेनॉल्ड्स आणि मॉरिस यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की मेंढीत बी पेशी तयार व्हायचा मुख्य कारखाना हाच पट्टा आहे, तिथे रात्रंदिवस पेशी बनतात आणि बहुतेक सगळ्या तिथेच मरतात, निवडक तेवढ्या बाहेर पडतात. आणि मेंढी वयात आली की तो पट्टा विरून जातो. मला हे सगळं वाचताना दरवेळी नवल वाटतं, अजून एकही जंतू बघितला नाही अशा जिवाच्या पोटात जंतूंशी लढायची एवढी तयारी चालू असते.

मग अडतं कुठे? अडतं जारेत.

माणसाच्या बाईला दिवस गेले की तिच्या रक्तातल्या अँटीबॉडी वारेतून बाळात जातात, त्यामुळे बाळ आईचं थोडं संरक्षण घेऊनच जन्मतं. गायीची, म्हशीची, शेळी-मेंढीची जार वेगळी असते. तुम्ही जार बघितलीये, त्यावर बटणासारखी फुलं असतात, तेवढ्याच ठिकाणी ती गर्भाशयाला चिकटलेली असते, आणि आईचं रक्त आणि वासराचं रक्त यांच्यात पेशींचे एवढे थर राहतात की अँटीबॉडीसारखा मोठा कण पलीकडे जाऊच शकत नाही. डुकरिणीचंही तसंच. म्हणून गाय कितीही लसी घेतलेली असो, कितीही रोगातून तावून सुलाखून निघालेली असो, तिच्यातलं तयार संरक्षण पोटात असताना वासराला अजिबात मिळत नाही. याचा एक पुरावा तर डॉक्टर रोजच्या कामात वापरतात, चीक पाजायच्या आधी वासराचं रक्त घेतलं आणि त्यात एखाद्या रोगाच्या अँटीबॉडी सापडल्या तर त्या आईच्या असूच शकत नाहीत, वासराने पोटात स्वतः त्या रोगाशी झुंज दिली असाच त्याचा अर्थ निघतो.

तर ताई, वासराकडे पेशी आहेत, त्या ठरावीक जागी बसलेल्या आहेत, पण रक्तात तयार अँटीबॉडी जवळपास नाहीत आणि बाहेरच्या जंतूंची ओळख नाही. आणि अजून एक अडचण असते. व्यायची वेळ झाली की वासराच्या स्वतःच्याच अंगात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन एकदम वाढतं, कळा त्याच्यामुळेच सुरू होतात (वासरू तयार झालं की तेच आईला खबर देतं म्हणा ना), पण या कॉर्टिसॉलमुळे त्या पेशी काही दिवस मंद पडतात. म्हणजे नेमकं शेण-मुतात पडायच्या वेळेलाच त्या सुस्त. स्वतःच्या अँटीबॉडी कामाला येण्याइतक्या व्हायला तीन-चार आठवडे तरी जातात. शेतात पीक उभं आहे पण काढणीला महिना आहे, तोवर घर उसन्या धान्यावर चालतं, वासराचं अगदी तसंच असतं आणि चीक म्हणजे ते उसनं धान्य. तुमची वासरं दहाव्या-बाराव्या दिवशी गेली ती याच मधल्या महिन्यात, बरोबर?

आता पोटात असताना बिघडू काय शकतं ते सांगतो कारण याकडे आपल्याकडे लक्षच जात नाही. थायमसमध्ये पेशी तयार होतात तेव्हा त्यांना पहिली गोष्ट शिकवली जाते ती म्हणजे आपलं काय आहे. ज्या पेशी आपल्याच अंगावर उठतील त्या तिथेच मारल्या जातात. पण हे शिक्षण चालू असताना अंगात जे जे असेल ते सगळं आपलंच धरलं जातं, मग तो विषाणू का असेना. बीव्हीडी नावाचा गायींचा एक विषाणूजन्य आजार आहे, मोठ्या गायीला कधी नुसता दोन दिवस ताप येतो, कधी तेवढंही कळत नाही. पण ती गाय ४० ते १२० दिवसांची गाभण असेल तर विषाणू जार ओलांडून आत जातो (अँटीबॉडी जात नाहीत पण विषाणू जातो, दुर्दैव असं) आणि वासराच्या पेशी त्याला घरचाच समजून सोडून देतात. असं वासरू जन्मलं तर जन्मभर नाकातून, लाळेतून, शेणातून विषाणू टाकत राहतं, कधी दिसायला चांगलं असतं, कधी खुरटं राहतं, आणि बाकीच्या वासरांना आजारी पाडतं. हाच विषाणू साधारण १५० दिवसांनंतर आत गेला असता तर बहुतेक वासरं त्याच्याशी लढून, अँटीबॉडी बनवून मोकळी झाली असती. तोच विषाणू, तीच गाय, फक्त दोन महिन्यांचा फरक!

भारतातही हा विषाणू गायी-म्हशींत सापडलेला आहे. तुमची वासरं त्यानेच गेली असं मी म्हणत नाहीये, दुसऱ्या आठवड्यातल्या हगवणीची कारणं सहसा वेगळी असतात, ती पुढे सांगतो. पण वासरं वारंवार जातायत, त्यात गायी उलटतायत किंवा मधेच गाभ टाकतायत असंही असेल तर डॉक्टरांना बीव्हीडीचं नाव घेऊन विचारा, कानाच्या कडेचा बारीक तुकडा घेऊन तपासणी होते. आणि एक काम उद्यापासून करा, लोणी नाहीतर काष्टीच्या बाजारातून नवीन जनावर आणलं की ते सरळ गाभण गायींच्या दावणीला बांधू नका, तीन-चार आठवडे लांब ठेवा, पाण्याची बादलीसुद्धा वेगळी. विशेष करून ज्या गायी दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात आहेत त्यांच्यापासून लांब. लोक शेवटच्या महिन्यात गाभण गायीला जपतात आणि सुरुवातीला पोट दिसत नाही म्हणून काहीच बघत नाहीत, पण वासराच्या पेशींचं शिक्षण सुरुवातीलाच चालू असतं.

पावडरचं. ताई, घेऊ नका. त्या डब्यात काय आहे ते मला माहीत नाही पण तो जे सांगतोय ते होऊच शकत नाही, कारण आईच्या अंगात काहीही वाढवलं तरी अँटीबॉडी जारेतून पलीकडे जाणार नाहीत आणि थायमस, प्लीहा वगैरे तर कितीतरी महिने आधीच तयार झालेलं असतं. तोच पैसा चांगल्या मिनरल मिक्श्चरला लावा आणि ते शेवटच्या महिन्यात नाही तर गाभणकाळभर द्या, तांबं, झिंक, सेलेनियम हे वासराच्या पेशींना आईकडूनच मिळतं. अ आणि ई जीवनसत्त्वं मात्र जारेतून फार कमी जातात, ती चिकातून मिळतात, म्हणून गायीला हिरवा चारा पाहिजे, नुसत्या कडब्यावर आणि उसाच्या वाढ्यावर असलेल्या गायीचा चीक त्यात कमी पडतो.

शेवटच्या दोन महिन्यांत खरं काम काय आहे ते तीन गोष्टींत सांगता येईल. गाय ६० दिवस आधी आटवा, दुधाच्या दोन लिटरसाठी शेवटपर्यंत धार काढू नका, कारण शेवटच्या चार-पाच आठवड्यांत गाय स्वतःच्या रक्तातल्या अँटीबॉडी कासेत गोळा करत असते आणि तिला तेवढा वेळ लागतो. लाळ्या खुरकूत, घटसर्प वगैरे लसी वेळापत्रकाने झालेल्या असू द्या, गायीच्या रक्तात असेल तेच चिकात उतरणार ना, फक्त अगदी व्यायला आलेल्या गायीला टोचून दगदग करण्यापेक्षा त्याच्या आधीच डॉक्टरांशी बोलून उरका. आणि ब्रुसेलाची, म्हणजे गाभ टाकायला लावणाऱ्या रोगाची, जी लस कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात देतात ती जिवंत लस आहे, गाभण जनावराला कधीच द्यायची नाही.

तिसरी गोष्ट ऊन. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडखाली आटलेल्या गायी बांधलेल्या असतात, दूध देत नाहीत म्हणून फॅन दुधाच्या गायींवर आणि या कोपऱ्यात. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात यावर खूप काम झालंय, आटलेल्या काळात उन्हाचा ताण बसलेल्या गायींची वासरं वजनाला कमी भरली, आणि चीक तितकाच चांगला दिला तरी त्यातल्या अँटीबॉडी त्यांनी कमी शोषल्या. म्हणजे नुकसान पोटातच होऊन गेलं होतं, नंतर चीक देऊनही पूर्ण भरून निघालं नाही. त्यामुळे सावली, फॅन, फॉगर जे असेल त्याचा पहिला हक्क शेवटच्या दोन महिन्यांच्या गाभण गायीचा समजा. झाडाखाली बांधली तरी चालेल, पत्र्याखाली नको.

आता चीक आणि जार. सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांनी आयुष्यभर जनावरं सांभाळलीयत आणि त्यांना जार अडकायची भीती वाटते ती काही उगाच नाही, अडकलेल्या जारेने गायी खराब होताना त्यांनी बघितल्या असतील. त्यांना एवढंच सांगा की वासरू सडाला लागलं किंवा हाताने चीक काढला की गायीच्या अंगात ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं, त्यानेच पान्हा येतो आणि त्यानेच गर्भाशय आवळतं, म्हणजे लवकर पाजल्याने जार पडायला मदतच होते. जार १२ तासांपर्यंत पडली तर काळजी नाही, त्यापुढे गेली तर डॉक्टरांना बोलवा, पण ओढू नका आणि दगड-विटा बांधू नका.

आणि वेळ का महत्त्वाची तर वासराचं आतडं. जन्मल्यावर काही तासच ते अख्ख्या अँटीबॉडी जशाच्या तशा रक्तात घेऊ शकतं. पहिले चार-सहा तास सगळ्यात चांगले, बारा तासांपर्यंत बरंच कमी होतं आणि २४ तासांत दार बंद. तुमच्याकडे जारेची वाट बघण्यात सहा-आठ तास जातात, म्हणजे सगळ्यात चांगला वेळ तिथेच संपतो, मग पाजता एकच लिटर. त्यात तोवर वासरू शेणात तोंड घालून बसलेलं असतं आणि ते दार जंतूंनाही उघडंच असतं. मला तरी तुमच्या तीन वासरांचं मुख्य कारण हेच वाटतंय.

किती पाजायचं? वजनाच्या दहा टक्के धरा, तुमची वासरं ३० किलोच्या आसपास असतील तर ३ लिटर, पहिल्या दोन तासांत. एका दमात नाही पीत काही वासरं, मग दोन लिटर लगेच आणि उरलेला सहा तासांच्या आत, आणि बाराव्या तासाला परत दोन लिटर. निप्पलच्या बाटलीने पाजा, बोट घालून बादलीत तोंड दाबू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. पीतच नसेल तर डॉक्टरांना नळीने पाजायला सांगा. शक्यतो त्याच्याच आईचा ताजा चीक द्या कारण ताज्या चिकात आईच्या जिवंत पांढऱ्या पेशीही असतात, त्या आतड्यातून वासराच्या अंगात जातात आणि त्याच्या सुस्त पेशींना मदत करतात. गोठवलेल्या चिकात अँटीबॉडी टिकतात पण या पेशी मरतात. तरीपण चांगल्या गायीचा जास्तीचा चीक बाटल्यांत भरून डीप फ्रीझरला ठेवाच, एखादी गाय आटलेलीच नसते, एखादी व्याल्यावर आजारी पडते, तेव्हा तोच वासरू वाचवतो. वापरताना कोमट पाण्यात ठेवून वितळवा, पाणी हाताला चटका देणारं नको, आणि उकळू तर अजिबात नका, अँटीबॉडी नासतात. खरवस करायला माझी ना नाही, पण पहिली धार वासराची, दुसऱ्या-तिसऱ्या धारेचा खरवस करा, छान होतो.

चीक चांगला आहे का ते बघायची सोपी युक्ती तुमच्या भागात तर घरोघरी आहे. डाळिंब-द्राक्षवाल्यांकडे गोडी बघायचं ब्रिक्स मीटर असतं ना, तेच. चिकाचा एक थेंब टाकायचा, २२ किंवा वर आला तर चीक चांगला, खाली आला तर जास्त प्रमाणात पाजा किंवा फ्रीझरमधला चांगला चीक वापरा. नुसता घट्ट आणि पिवळा दिसतो म्हणून चांगला असं नसतं. आणि वासरू दोन दिवसांचं झालं की डॉक्टरांना रक्त घ्यायला सांगा, रक्त साकळून वर जो सिरम येतो त्याचा थेंब त्याच मीटरवर ८.४ किंवा वर पाहिजे, म्हणजे चीक अंगी लागला. सगळ्या वासरांचं नाही जमलं तरी पुढच्या चार-पाचांचं करा, म्हणजे कुठे चुकतंय ते कळेल.

हगवणीबद्दल थोडक्यात. पहिल्या तीन-चार दिवसांत लागते ती बहुतेक वेळा ई. कोलाय, तुमच्यासारखी दुसऱ्या आठवड्यातली असेल तर रोटा, कोरोना (जनावरांचा वेगळा असतो, माणसाचा नाही) किंवा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा डोळ्यांना न दिसणारा परजीवी. या तिन्हींवर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो म्हणून आपल्या मनाने इंजेक्शन मारत बसू नका, वासरू मरतं ते पाणी आणि क्षार संपल्याने, दूध बंद न करता मधल्या वेळेला इलेक्ट्रोलाइट पाजा आणि डोळे खोल जायच्या आत डॉक्टरांना बोलवा, सलाईन लागू शकतं. पुढच्या वेळी हगवण लागली की पहिल्याच दिवशी शेणाचा नमुना तपासायला द्या. व्यायची जागा कोरडी, जन्मल्याबरोबर नाळेला टिंक्चर आयोडीन, आणि लहान वासरं मोठ्यांपासून वेगळी, हे तर आहेच.

आता तुमची जुळी कालवड. हिचा प्रश्न वाचून मला बरं वाटलं कारण अख्खं जग "पोटात असताना आपलं-परकं कसं कळतं" हे शिकलं ते गायीच्या जुळ्यांवरूनच. गायीच्या जुळ्यांत बहुतेक वेळा दोघांच्या जारा एकमेकींना चिकटतात आणि रक्तवाहिन्या जोडल्या जातात, अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत. मग एकाचं रक्त दुसऱ्यात फिरतं. १९४५ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला रे ओवेन जनावरांचे रक्तगट तपासत होते, त्यांना दिसलं की जुळ्या वासरांच्या अंगात मोठेपणीही दोन-दोन प्रकारच्या रक्तपेशी आहेत, स्वतःच्या आणि भावंडाच्या, आणि अंग त्यांना परकं समजून मारत नाहीये. पुढे इंग्लंडमध्ये पीटर मेडावार आणि मंडळींनी कातडीचे तुकडे लावून गायींची जुळी एकसारखी आहेत की वेगळी हे ओळखायचा प्रयत्न केला, वेगळी असतील तर कातडी टाकतील असा हिशोब होता, पण एक गोऱ्हा एक कालवड अशी जुळीसुद्धा एकमेकांची कातडी स्वीकारत होती! ऑस्ट्रेलियाच्या बर्नेट यांनी ओवेनचंच काम बघून १९४९ मध्ये मांडलं होतं की गर्भात जे लवकर भेटतं ते अंग आपलं मानतं. १९६० चं नोबेल बर्नेट आणि मेडावार यांना मिळालं, ओवेनना नाही, मला ते अजूनही खटकतं. बीव्हीडीचं वर सांगितलं तेही याच नियमाने होतं, भावंडाच्या पेशींच्या जागी विषाणू एवढाच फरक.

पण रक्ताबरोबर गोऱ्ह्याकडून हार्मोनही येतात आणि कालवडीचे आतले अवयव नीट वाढत नाहीत. गोऱ्ह्यासोबत जन्मलेल्या कालवडींपैकी ९० टक्क्यांहून जास्त कायमच्या वांझ असतात. प्रतिकारशक्तीला काही होत नाही, ती बाकी वासरांसारखीच वाढेल, चारा खाईल, दिसायलाही चांगली होईल, म्हणूनच लोक दोन-अडीच वर्षं सांभाळतात आणि मग रेतनावर रेतन करत बसतात. तुमची महिन्याची झालीये म्हणजे तपासायचं वय अगदी बरोबर आहे. डॉक्टर गुळगुळीत नळी घालून योनीमार्गाची लांबी बघतील, वांझ कालवडीत ती नेहमीच्या निम्म्याच्या आसपास भरते. तेवढ्याने खात्री नाही झाली तर रक्ताचा नमुना लॅबला पाठवता येतो, त्यात गोऱ्ह्याच्या पेशी आहेत का ते कळतं. जुळ्या नसलेल्या तिच्याच वयाच्या दुसऱ्या कालवडीचीही लांबी त्याच वेळी मोजून घ्या म्हणजे फरक तुम्हाला स्वतःला दिसेल. रिपोर्ट आला की मला कळवा, आणि पुढची गाय कधी व्यायची आहे तेही लिहा.